थेंब जमवण्याची पैज

८ जुलै १९५६, रविवार

सुट्टीचा दिवस, पण भोपाळनं पाठ सोडली नाही. सकाळी दाना ओलीच्या तोंडाशी भाजी घ्यायला गेलो, तर भाजीवाला विचारतो, "बाबूजी, आप भी चले क्या?" म्हटलं, अभी नाम नहीं आया. आठ वर्षांपूर्वी ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात गेलं, आता मध्यभारत नव्या मध्यप्रदेशात चाललं आहे आणि राजधानी भोपाळ. आम्ही सचिवालयातली माणसं म्हणजे भाड्याच्या घरातलं सामान, मालक बदलला की हलवा. नोव्हेंबरच्या आत सगळं दफ्तर तिकडे जाणार म्हणतात. कोण जाणार, कोण राहणार, ते साहेबालासुद्धा पता नाही.

माझी काळजी वेगळी आहे. पद्मा बी.एस्सी. झाली, चांगल्या मार्कांनी झाली, आणि मला न विचारता एम.एस्सी. फिजिक्सला नाव घालून आली. वर्षाच्या मधेच नाव काढलं तर वर्ष गेलं, असं ती म्हणते, ते खरं आहे. वर्ष गेलं की स्थळं येतात आणि स्थळं आली की शिक्षण जातं, असंही म्हणते, तेही खरं आहे. पण तरण्या मुलीला मागे ठेवून बाप परगावी राहतो हे लोकांना कसं दिसेल? ती सहावीत असताना तिची आई गेली. तेव्हापासून मी तिला नजरेआड केलेलं नाही. शांताताई म्हणते, मी राहीन की पोरीजवळ. ताई माझी थोरली बहीण. यजमान गेल्यावर सांगलीहून इथे आली, आणि आल्या दिवसापासून या घराची सुभेदार आहे.

दुपारी जेवताना पद्मानं नवीच टूम काढली. म्हणे, विजेनं वस्तू थंडपण होते. मी हसलो. माझा शौक एकच, रेडिओ. गेली वीस वर्षं मागच्या खोलीतल्या टेबलावर सेट जोडतो आहे. विजेनं इस्त्री तापते, वाल्व तापतो, सोल्डरिंगची सळई तापते, आणि नाही चाललं तर माझं डोकं तापतं. थंड झालेलं अजून काही पाहिलं नाही. पद्मा म्हणाली, दोन निराळ्या धातूंच्या सांध्यातून करंट एका बाजूनं गेला तर सांधा थंड पडतो, रशियात शंभर वर्षांपूर्वी एकानं असा पाण्याचा थेंब जमवला होता. ताई भाताचं पातेलं घेऊन उभी होती. म्हणाली, "दही जमवता, पाणी जमवता. वर्गणी आहे का ती?" तिच्या सांगलीत दही लावतात आणि पाणी गोठतं. आमच्या ग्वाल्हेरात दोन्ही जमतं. हिंदीच्या शेजारी दीडशे वर्षं राहून एवढंही होऊ नये का?

आणि मग उचलली जीभ लावली टाळ्याला. मी बोलून गेलो, "मी ग्वाल्हेर सोडायच्या आत विजेनं पाण्याचा एक थेंब जमवून दाखव. दाखवलास तर इथे राहून एम.एस्सी. कर, मी चकार शब्द काढणार नाही. नाही तर गुपचूप भोपाळ."

तिनं विचारलं, शब्द? मी म्हटलं, शब्द. दिला तर दिला. होणार थोडंच आहे?

११ जुलै, बुधवार

पद्माच्या सरांनी कॉलेजातून बिस्मथची एक आणि अँटिमनीची एक अशा धातूंच्या दोन आखूड कांड्या दिल्या. करंगळीपेक्षा थोड्या जाड. वरच्या टोकांना एकमेकींशी सोल्डर केलेल्या, सांध्यावर थेंबापुरती खोबण, खालचं एकेक टोक तांब्याच्या जाड पट्टीवर, आणि दोन्ही पट्ट्या पाण्याच्या भांड्यात, म्हणजे खालचा भाग तापू नये. ताईनं पितळेची परात द्यायला साफ नकार दिला, ते बरंच झालं. परातीत पट्ट्या एकमेकींशी शॉर्ट झाल्या असत्या. मग मातीची पसरट कुंडी आणली.

बॅटरी माझी, रेडिओची, दोन व्होल्टची. एवढ्याशा धातूला एवढा करंट लागतो की तारा आधी पातळ पडल्या, बदलून जाड घातल्या. थर्मामीटरचं टोक सांध्यावर टेकवलं. पारा चढला. मला इतका आनंद झाला की आमटी दुसऱ्यांदा घेतली. पोरगी तोंड पाडून बसली, मग एकदम उठली आणि बॅटरीच्या तारा उलटसुलट केल्या.

पारा उतरला. फार नाही, पण उतरला. मी म्हटलं थर्मामीटर खराब असेल. ताईनं दुधाचं पातेलं बघतात तसं बोटाचं मागलं पेर सांध्याला लावलं आणि म्हणाली, "गार आहे रे."

मी पुन्हा तारा बदलल्या. तापला. पुन्हा बदलल्या. गार. तीच तार, तीच बॅटरी, तोच सांधा. रेडिओत बॅटरी उलटी लागली तर सेट मुका बसतो, त्यापलीकडे काही होत नाही. इथे उलटी लावली की उलटं काम करतो. हे काय गौडबंगाल आहे? दफ्तरातही दिवसभर हेच डोक्यात. एका मसुद्यात 'विलीनीकरण' दोनदा लिहून बसलो.

२२ जुलै, रविवार

जगदेवराव आला होता. ग्वाल्हेरच्या फौजेत मोटारी हाकायचा. फौज हिंदुस्थानच्या लष्करात गेली तेव्हा बाहेर पडला आणि किला गेटजवळ मोटारींच्या बॅटऱ्यांचं दुकान काढलं. माझा जुना दोस्त. त्याचं म्हणणं, दम कमी पडतोय, लॉरीची बॅटरी लावा. आणलीपण. पद्मा नको नको म्हणत होती, पण मलाच बघायचं होतं.

लावली. क्षणभर सांधा गार झाला आणि मग असा तापला की पद्मानं ओरडून तार ओढली. जगदेवराव म्हणाला, बॅटरी तर चांगली आहे, मग असं का? पद्मानं समजावलं. करंट दुप्पट केला की थंडी दुप्पट होते, पण धातूचं आपलं तापणं चौपट होतं. म्हणून एक मधला बिंदू असतो, तिथवर जायचं आणि थांबायचं. पाहुणे दुप्पट झाले की गोंधळ चौपट होतो, तसंच म्हणायचं. जगदेवराव म्हणाला, फौजेतही असंच असतं, पण ते कसं ते त्याला सांगता येईना.

मग बॅटरी काढून माझा चार्जरच घरच्या विजेवरून सांध्याला जोडून पाहिला. त्याचा करंट ठोके देत येतो, त्यानं थंडी उलट कमी पडली. बॅटरीच बरी, ती एकसारखी वाहते. मग मी लोखंडी तारेचं एक वेटोळं करून मधे घातलं, म्हणजे करंट कमीजास्त करता येतो. दुपारभर तेच करून राहिलो होतो. पैजेशी याचा संबंध नाही. रेडिओवाल्याच्या घरात करंट धड वाहू नये हे काही बरं दिसत नाही.

१५ ऑगस्ट, बुधवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवतो, कारण मी बरोबर होतो.

झेंडावंदन करून घरी आलो. पाऊस नुकता थांबलेला, हवा अशी दमट की आगपेटी पेटेना. पद्मानं सकाळपासून सांधा चालू ठेवला होता. मी सहज वाकून पाहिलं तर सांध्यावर धूसर काहीतरी आलेलं, आरशावर श्वास सोडल्यासारखं. मग त्याचे बारीक ठिपके झाले, ठिपके एकमेकांना मिळाले, आणि वरच्या खोबणीत एक थेंब येऊन बसला. पाणी कुणी घातलं नव्हतं. हवेतलं पाणी थंड जागा बघून तिथे उतरलं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्या या टेबलावर इतकी सुंदर गोष्ट झालेली नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

तेवढ्यात ताई मागून म्हणाली, "जमला की रे थेंब."

पद्मानं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही काय म्हणाला होतात? विजेनं थेंब जमवून दाखव. देख लो. जमला."

मी म्हटलं, जमवून म्हणजे बर्फ करून, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ताई म्हणाली, मराठीत जमवणं म्हणजे गोळा करणं. माणसं जमवतात, लाकडं जमवतात. पाण्याचा बर्फ करणं म्हणजे गोठवणं, कुणालाही विचार. मी म्हटलं, आपण ग्वाल्हेरात आहोत. तर म्हणाली, मग स्वतःला मराठी म्हणवू नकोस. हे मला लागलं. दफ्तरात माझं नावच लफ्ज-बाबू आहे, एका शब्दासाठी मी साहेबाचा मसुदा अडवतो. लिहिलं ते लिहिलं, मनात काय होतं ते सरकारला विचारू नका, हे मीच नव्या कारकुनांना शिकवतो. पद्मानं तेच माझ्या तोंडावर म्हटलं.

जगदेवराव मिठाई घेऊन आला, त्यालाच पंच केलं. तो बिचारा घाबरला, पण बोलला खरं ते. त्याच्या घरात चार पिढ्या पाणी जमलं म्हणजे बर्फच, गोठलं कुणी म्हणत नाही. झालं. माझ्या बाजूनं निकाल लागला.

पद्मानं बॅटरी सोडली. तारा गुंडाळल्या. मग खाली मान घालून म्हणाली, "ठीक आहे, बाबा. गोठवीन."

हा शब्द तिनं माझ्याशी कधी वापरला नव्हता. शुद्ध मराठी ऐकून मला इतकं वाईट यापूर्वी वाटल्याचं आठवत नाही.

१९ ऑगस्ट, रविवार

पद्मा कामापुरतं बोलते, आणि तेही पुस्तकातल्यासारखं. आज विचारलं, काय करून राहिलीस? तर म्हणाली, "अभ्यास करते आहे." एरवी म्हणाली असती, "पढाई चाललीय बाबा, सताओ मत." ताई खुश आहे, पोरीची भाषा सुधारली म्हणते. मला घरात कुणी पाहुणी उतरल्यासारखं वाटतं.

पंचाचा निकाल बरोबर होता. मी पुन्हा विचार करून पाहिला, बरोबरच होता.

९ सप्टेंबर, रविवार

अबोला मोडला. मोडला कसा, तर तिला अडलेलं कुणाला तरी सांगायचं होतं आणि ताईला त्यातलं काही कळत नाही. मला सांगताना आधी मान वळवून सांगत होती, मग विसरली.

अडचण अशी. सांधा खालच्या पाण्यापेक्षा फक्त काही अंश थंड होतो. पाणी तीस अंशांवर असेल तर सांधा पंचविसाच्या आसपास. माठातलं पाणी घातलं की दोन्ही थोडे खाली सरकतात, पण मधलं अंतर तेवढंच. तिचं म्हणणं, इथे थंडी तयार होतच नाही. वरची उष्णता उचलून खाली टाकली जाते, एवढंच. मी म्हटलं, म्हणजे हमाल आहे. ती हसली. "हो, हमालच. आणि बोजा उचलून वर स्वतः पसीना पसीना होतो, तोपण खालीच पडतो." महिन्याभरानं हसली असेल. मी तो हमाल आणखी दोनतीनदा बोलण्यात आणला, पण पुन्हा तितकी हसली नाही.

जानेवारीतल्या पहाटे इथे पाणी बोटाला चावतं, तेव्हा कदाचित जमेल. पण जानेवारीत मी इथे नसणार. परवा यादी लागली. माझं नाव आहे. दिवाळीच्या आत भोपाळला हजर व्हायचं.

ताईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माधव, तुला लोकांची भीती नाही. तुला एकट्यानं राहायची भीती आहे. पोरीला तसं सांग, ती येईल. पण लोकांच्या नावावर नको नेऊस तिला."

काहीतरीच. एकावन्नाव्या वर्षी कसली भीती? भोपाळला दफ्तराचे लोक असतील, जेवणाची मेस असेल. रेडिओही नेणार आहे. आता संध्याकाळी मी डायल फिरवतो आणि ती स्टेशन ओळखते, ते नसेल, पण स्टेशनं मलाही ओळखता येतात.

६ ऑक्टोबर, शनिवार

दफ्तरात निरोपाचा चहा होता. चहा नावाचा, उकाडा म्हणून शरबत होतं. भाषणं झाली. एकानं म्हटलं की आम्ही जिथे जाऊ तिथे ग्वाल्हेर नेऊ, आणि मग त्यालाच रडू आलं. कोपऱ्यात पोत्याखाली बर्फाची लादी होती, चपराशी ती फोडून गिलासात घालत होता. माझ्या गिलासावर बाहेरून पाणी सुटलं. मी बघत राहिलो.

कुंडीत बर्फ घातला तर?

इतकं सोपं. खालचं पाणी शून्यावर, तर वरचा सांधा शून्याच्याही चारपाच अंश खाली. त्यावर ठेवलेला थेंब गोठणारच. ती पाणी बदलते, माठ बदलते, वारा घालते, आणि बर्फ मात्र तिला सुचला नाही. विजेनं बर्फ करायचा म्हटल्यावर बर्फ जवळ आणणं तिला लबाडी वाटत असणार. पण ती लबाडी नाही. बर्फ खाली, थेंब वर, मधे धातूच्या कांड्या. वर शून्याच्या खाली जे जाईल ते विजेचंच काम. शरबत हातात तसंच राहिलं. शेजारचे म्हणाले, माधवराव, मन घट्ट करा.

घरी आलो तेव्हा पद्मा टेबलाशीच होती. तिला सांगायची काही गरज नाही. पैजेत ती विरुद्ध पक्ष आहे, आणि विरुद्ध पक्षाला आपला कागद कुणी दाखवत नाही.

९ ऑक्टोबर, मंगळवार

पद्मानं कांड्या धुऊन कापडात गुंडाळून ठेवल्या. दसऱ्यानंतर सरांना परत द्यायच्या म्हणाली. मी काही न सांगता तिनं माळ्यावरची ट्रंक काढली आणि आपली पुस्तकं भरायला घेतली. जाड पुस्तकं खाली, वर साड्या. मला विचारलं, भोपाळला थंडी जास्त असते का, शाली किती घेऊ? रडली नाही, चिडली नाही. हरली तर हरली, अशी.

म्हणजे मी जिंकलो. जिंकल्यावर जेवण गोड लागतं म्हणतात, मला भाकरी उतरली नाही. पोट बिघडलं असावं. ताईनं ओवा दिला, त्यानंही फरक नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार, दसरा

काल खंडेनवमीला सोल्डरिंगची सळई, पकड आणि बॅटऱ्या पूजेत मांडल्या होत्या. आज सकाळी झेंडू घ्यायला खासगी बाजारात गेलो. येताना बर्फवाल्याकडे लादी दिसली. ताईचा गुडघा दुखतो, म्हणून एक मोठा तुकडा घेतला आणि फडक्यात बांधून घरी आणला. ताई म्हणाली, गुडघ्याला शेक लागतो, बर्फ नाही, एवढं तुला कळत नाही? मला खरंच ठाऊक नव्हतं. आता आणलेला बर्फ टाकायचा कुठे? भांडी सगळी सणाच्या स्वयंपाकात गुंतलेली. मागच्या खोलीत टेबलावर ती मातीची कुंडी रिकामी होती, तिच्यात ठेवून दिला आणि पेपर वाचत बसलो.

पद्मा रेडिओला फुलं वाहायला आली. मी वर पाहिलं नाही. मग ट्रंक उघडून कांड्या काढल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं बत्त्यानं बर्फ फोडल्याचा.

विरुद्ध पक्ष म्हणून मी माझं काम चोख केलं. म्हटलं, बर्फानं बर्फ करायचा तर त्यात विजेची बहादुरी कसली? आधी वीज न लावता दाखव. तिनं ते मानलं, तिलाही तेच हवं होतं. पट्ट्या बर्फाच्या काल्यात बुडवल्या, कांड्यांना ताईच्या रजईतला कापूस गुंडाळला, खोबणीत एक थेंब सोडला. खूप वाट पाहिली. थेंब गार झाला, पण पाणीच राहिला. फुंकर मारली की हलायचा. ताई पुरणाचा हात तसाच घेऊन दारात उभी होती.

मग बॅटरी लावली. वेटोळं मी धरलं होतं, ती सांगेल तसं कमीजास्त करत होतो. आधी सांध्याच्या कडेला पांढरी बुरशी आल्यासारखं झालं. थेंब तसाच, स्वच्छ. मला वाटलं राहिलं. आणि मग त्यात एका बाजूनं, डोळ्यात फूल पडावं तसं, पांढरं शिरलं आणि सगळा थेंब धुरकट होऊन गेला. पद्मानं सुई टेकवली. टक् असा आवाज झाला. सुई मी मागून घेतली, मीही टेकवली.

मी म्हटलं, उलटं कर. तिनं तारा बदलल्या. वितळला. पुन्हा सुलट. गोठला. पुन्हा, पुन्हा. पैजेसाठी एकदा पुरे होतं; बाकीच्या वेळा मला बघायचं होतं. इतके दिवस वीज म्हणजे मला आग वाटत आली, आणि माझ्याच बॅटरीतून बर्फ निघाला. ताईला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघते आहे, पण तू रडतोस कशाला?

मी रडत नव्हतो. पद्मा रडत होती. सुई खाली ठेवून म्हणाली, "बाबा, मी येते भोपाळला."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ती म्हणाली, बर्फ तुम्ही आणलात. मी म्हटलं, ताईच्या गुडघ्याला आणला. ती म्हणाली, हो, पण तुम्ही तिकडे खाणार काय, आजारी पडलात तर बघणार कोण, संध्याकाळी बोलणार कोणाशी? एम.एस्सी. पुढच्या साली होईल, नाही झाली तरी चालेल.

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पैज लावली कुणी? मी. जिंकली कुणी? तू. जिंकणाऱ्यानं हरलेल्याची दया करायची नसते. मला तुझ्यावाचून करमणार नाही, ते माझं मी बघेन. तू इथे राहायचं आणि शिकायचं. हा हुकूम आहे."

करमणार नाही हे बोलायचं नव्हतं, रागात निघून गेलं. ताई म्हणाली, सणासुदीला काय हे, दोघंही उठा, पुरणपोळ्या गार होतायत. जगदेवराव आपट्याची पानं घेऊन आला तेव्हा आम्ही तिघं लाल डोळ्यांनी जेवत होतो. त्याला वाटलं कुणी गेलं. त्याला मागच्या खोलीत नेऊन थेंब दाखवला. तो नमस्कार करून आला.

पद्मानं ट्रंकेतली पुस्तकं काढून परत फळीवर लावली. मी देत होतो, ती लावत होती.

२९ ऑक्टोबर, सोमवार, गाडीत

दिवाळी तोंडावर आणि मी प्रवासात. ताईनं चकल्या आणि बेसनाचे लाडू डब्यात भरून दिले आणि रोज एकच खा म्हणून बजावलं. ताई घरूनच निरोप घेऊन आत गेली. तिला स्टेशन सोसत नाही.

पद्माचं आज प्रॅक्टिकल होतं. काल तिनं विचारलं होतं, सरांना सांगून सुट्टी घेऊ का? मी चांगलाच रागावलो. म्हटलं, बाप भोपाळला चालला आहे, लढाईवर नाही. पहिल्याच वर्षी प्रॅक्टिकल बुडवायचं असेल तर मग ही सगळी खटपट कशासाठी केली? स्टेशनवर अजिबात यायचं नाही. सकाळी पाया पडली, वही घेतली आणि कोपऱ्यावरून वळून गेली. वळताना हात केला.

जगदेवरावानं लॉरीतून सामान आणलं, जागा पकडून दिली, पाण्याची सुरई भरून दिली. गाडीला उशीर होता. तो मोटारींचं काहीबाही बोलत होता, मी हूं हूं करत होतो. पुलावरून पांढऱ्या साडीतली कुणी मुलगी उतरली की माझं लक्ष तिकडे. एक तर थेट तिच्याच चालीची होती, मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. जगदेवराव म्हणाला, कोई और है, माधवराव. मग गाडी हलली. तो बरोबर चालत आला, जिथे फलाट संपला तिथे थांबला. मी त्याच्या मागे पाहत होतो.

आता डबरा स्टेशन मागे पडलं आहे. शेजारचे गृहस्थ विचारत होते, बालबच्चे? त्यांना सांगितलं, एक मुलगी आहे, ग्वाल्हेरला एम.एस्सी. फिजिक्स करते. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, तरी सगळं सांगितलं, थेंबाचंसुद्धा.

एरवी ही मुलगी माझं एक ऐकत नाही. आज ऐकलं.